काळा रंग जातो कुठे?

वडिलांच्या मागे लातूरच्या घरी त्यांची गाडी उरली. धाकटा भाऊ म्हणाला, विकून टाकू. नांदेडला तुझ्या दारात आधीच एक उभी आहे. आई काही बोलली नाही. जुन्या गाड्यांचा व्यवहार करणारे एक गृहस्थ पाहायला आले. इंजिन त्यांनी नंतर ऐकले. आधी पुढचा बंपर, चाकांवरच्या काळ्या पट्ट्या आणि वायपरखालची जाळी यांवरून बोट फिरवले आणि पांढरे झालेले बोट आम्हाला दाखवले. "ऊन लागलंय हिला. काळं उडालं की गिऱ्हाईक मागं सरतंय." एवढ्यावर किमतीतले पंधरा हजार उतरले. मी रसायनशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवलेला माणूस. पण रंग 'उडतो' म्हणजे जातो कुठे, हे मला चटकन सांगता आले नाही. भावाकडून दोन महिने मागून घेतले.

गाडीचे हे काळे भाग बहुधा पॉलिप्रॉपिलीनचे असतात. इटलीच्या जुलिओ नात्ता यांनी 1954 साली या प्लास्टिकचे उपयोगी रूप प्रयोगशाळेत घडवले. 1963 चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना कार्ल झिगलर यांच्यासह मिळाले. पॉलिप्रॉपिलीन मुळात काळे नसते. त्याला काळे करते ती काजळी. अपुऱ्या हवेत तेल जाळून ती कारखान्यात धरतात. दिव्याच्या ज्योतीवर वाटी पालथी धरून आजी काजळ धरायची, त्याचेच हे मोठे रूप. काजळ आणि डिंक खलून केलेल्या शाईने आपल्या पोथ्या लिहिल्या गेल्या. पोथीचा कागद पिवळा पडतो, डिंक सुटून अक्षराचा पोपडा निघतो, पण उरलेले अक्षर काळेच असते. काजळी म्हणजे निव्वळ कार्बन. उन्हाने ती फिकी होत नाही. तेव्हा 'काळं उडालं' हे निदानच चुकीचे आहे. बंपरातला काळा रंग जिथल्या तिथे असतो.

मग जाते काय? जाते ते काजळीला धरून ठेवणारे प्लास्टिक. पॉलिप्रॉपिलीन ही कार्बनच्या अणूंची लांबच लांब साखळी. तिच्यात एकाआड एक कार्बनला एक फांदी फुटलेली असते आणि त्या सांध्यावरचा हायड्रोजन सैल बसलेला असतो. उन्हातले अतिनील किरण तो निखळवायला निमित्त होतात, मोकळ्या जागी हवेतला ऑक्सिजन शिरतो आणि साखळी तुटते. हे टाळायला कारखान्यात संरक्षक द्रव्ये मिसळतात. ती हळूहळू संपतात. काजळी स्वतः किरण शोषून खालचा भाग वाचवते, म्हणून पडझड वरच्या अगदी पातळ थरापुरती राहते. पण डोळ्यांना दिसतो तोही तेवढाच थर. शिवाय बंपर कडक राहावा म्हणून त्यात बहुधा शंखजिऱ्याची पूड घातलेली असते, आपण चेहऱ्याला लावतो त्या पावडरीतली. वरचे प्लास्टिक झडले की ती उघडी पडते. त्या गृहस्थांच्या बोटाला लागले ते हेच.

आता तो थर पांढरा का दिसतो? याचे उत्तर आपल्या शेतातच आहे. वैशाखात आपली काळी माती राखाडी दिसते आणि पहिल्या पावसात कोळशासारखी काळी होते. माती तीच असते. कोरड्या मातीत कण आणि हवा यांच्या असंख्य सीमांवर प्रकाश आपटून परत फिरतो, म्हणून ती फिकी. पाणी त्या फटी भरते. मग प्रकाश परत न फिरता आत शिरतो आणि तिथेच जिरतो. झिजलेल्या प्लास्टिकवरही अशाच सूक्ष्म भेगा असतात. म्हणूनच गाडी धुतली की बंपर नवा दिसतो आणि वाळला की पुन्हा म्हातारा.

आपल्याकडचे सारे उपाय या फटी भरण्याचेच आहेत. खोबरेल तेल भरते, पण चिकट होऊन धूळ धरते. बुटाचे पॉलिश म्हणजे मेण आणि रंग, पावसाने ओघळते. डिझेलने रबरी पट्ट्या फुगतात. बाजारातले सिलिकॉनचे तेल जरा बरे, तरी चार धुण्यांत जाते. काही जण गरम हवेचा झोत मारतात. वरचा थर वितळून सपाट होतो आणि भाग तत्काळ काळा दिसतो. पण तुटलेल्या साखळ्या जुळत नाहीत, संपलेली संरक्षक द्रव्ये परत येत नाहीत. हात चुकला तर बंपरच वाकडा होतो.

मात्र सगळा पांढरेपणा उन्हाचा नसतो. आमच्या भागात दुसरे कारण असते ते पाणी. 2016 साली मांजरा धरण आटले आणि 12 एप्रिलला मिरजेहून दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला पोहोचली. त्या वर्षी वडिलांनी गाडीवर नळी धरणे सोडले ते कायमचे. अर्धी बादली बोअरचे पाणी आणि एक फडके. बोअरच्या पाण्यात चुन्याचे क्षार असतात. पाणी उडून जाते, क्षार राहतात. तिसरा पांढरेपणा असतो पत्र्याला लावलेल्या मेणाचा, खरखरीत प्लास्टिकच्या खळग्यांत अडकलेला.

म्हणून आधी परीक्षा करावी. साबणाने धुऊन, वाळवून, तळहाताएवढ्या जागेवर निम्मे पाणी घातलेला व्हिनेगर लावावा, पाच मिनिटांनी धुवावे आणि पूर्ण वाळू द्यावे. वाळल्यावरही काळे राहिले तर दोष पाण्याचा. तसे झाले नाही तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे. त्याने निघाले तर मेण. दोन्हींनी हटले नाही आणि बोटाला पूड येतच राहिली, तर तो उन्हाचा मार.

आमच्या गाडीचा मागचा बंपर व्हिनेगरने जवळजवळ पूर्ण काळा झाला. पुढचा झाला नाही. कारण अंगणातच होते. वडील गाडी फाटकाकडे तोंड करून, म्हणजे दक्षिणेकडे, उभी करत. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंतचे दिवस सोडले तर आपल्याकडे माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेला कललेला असतो. मागची बाजू भिंतीच्या आडोशाला, पुढची वर्षभर उन्हात. अंगणात कडुलिंब आहे. पण त्याच्या सावलीत त्यांनी आईची स्कूटी ठेवली होती. तिचा काळा भाग अजून काळा आहे.

पुढच्या भागाला लेप लागणार होता. नायलॉनच्या ब्रशने सैल पूड काढली. पॉलिश कागद वापरला नाही, त्याने प्लास्टिकचा कण पुसला जातो. रंगही टाळला, पॉलिप्रॉपिलीनला रंग सहज धरत नाही, खाली खास अस्तर लागते. दिवसभर सुकवून, सकाळी सावलीत, वाळून कडक होणारा राळेचा पारदर्शक लेप फडक्याने अगदी पातळ चढवला आणि एक दिवस पाणी लागू दिले नाही. तुलनेसाठी डाव्या चाकावरची चार बोटे जागा तशीच सोडली.

दोन महिन्यांनी ते गृहस्थ पुन्हा आले. बोट फिरवले, कोरडे निघाले. मी ती चार बोटे जागा दाखवली आणि सांगितले, की हा लेप कायमचा नाही, पुन्हा द्यावा लागेल. "असं कुणी सांगत नसतंय," म्हणून ते हसले आणि पंधरातले दहा हजार परत वाढवले. भाऊ हिशेब करत फाटकाशी उभा होता. आई आतून स्कूटीची किल्ली घेऊन आली आणि माझ्या हातात ठेवली.

"ही बाहेर काढ," ती म्हणाली, "आणि गाडी लिंबाखाली घे."