सोंगाड्याला चालायचं, मग स्टँडअपवाल्याला का महाग पडतं?

23 मार्च 2025, रविवार. कुणाल कामराचा ‘नया भारत’ हा व्हिडिओ यूट्यूबवर आला. त्यात ‘दिल तो पागल है’मधल्या एका गाण्याचं विडंबन होतं. नाव कुणाचंच घेतलेलं नव्हतं, पण ‘गद्दार’ हा शब्द होता आणि रोख उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदेंकडे आहे हे ऐकणाऱ्याला लगेच कळत होतं. त्याच रात्री शिवसेनेचे कार्यकर्ते मुंबईतल्या खारमधल्या ‘द हॅबिटॅट’मध्ये घुसले आणि तोडफोड केली.

गंमत म्हणजे कामरा तिथे नव्हताच. तेव्हा स्टेजवर दुसऱ्याच कॉमेडियनचा शो सुरू होता.

दुसऱ्या दिवशी महापालिकेचे लोक हातोडे घेऊन आले आणि बांधकामाचा काही भाग पाडला. हॅबिटॅटने शो बंद करत असल्याचं जाहीर केलं. तोडफोड करणाऱ्यांपैकी 12 जणांना अटक झाली आणि त्याच दिवशी त्यांना जामीनही मिळाला.

आता सोयगावात बसून मोबाइलवर क्लिप पाहणाऱ्याला वाटेल, मुंबईतल्या एका हॉटेलच्या हॉलचं काय घेऊन बसलाय? अजिंठ्याच्या लेण्यांपासून खार चारशे किलोमीटरपेक्षा लांब आहे. पण नेत्याची टिंगल करायची आणि गर्दीने हसायचं, हा प्रकार तमाशा पाहिलेल्या गावांना नवा नाही. फरक कुठे पडला, ते पाहू.

सोंगाड्या काय करायचा?

तमाशात गण, गवळण, बतावणी आणि मग वग असा क्रम. वगात राजा असतो, प्रधान असतो, कोतवाल असतो. सोंगाड्या राजाला मूर्ख ठरवतो आणि पब्लिकला बरोबर कळतं की हा राजा कोण. संहिता पक्की नसते. ज्या गावात खेळ, त्या गावचा सरपंच त्यात येतो.

वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ने हे शहरी थिएटरात आणलं. 1965 साली आलेल्या या वगनाट्यात दादा कोंडके हवालदार व्हायचे आणि ताज्या राजकारणावर ऐनवेळी कोट्या करायचे. त्याच्या पुढच्या वर्षी शाहीर साबळेंचं ‘आंधळं दळतंय’ आलं, मुंबईतल्या मराठी माणसाच्या हालांवरचं मुक्तनाट्य.

इथे एक आठवण करून द्यायला हवी. शिवसेनेचे संस्थापक बाळासाहेब ठाकरे स्वतः व्यंगचित्रकार. ‘मार्मिक’ 1960 चं, पक्ष 1966 चा. 1971 मध्ये दादरच्या कोहिनूर थिएटरात कोंडकेंचा ‘सोंगाड्या’ लागावा म्हणून हीच सेना उभी राहिली होती. पुढे दादा सेनेच्या प्रचारसभा गाजवायचे.

म्हणजे तेव्हाचे नेते दिलदार होते का? तसंही नाही. 1996 मध्ये ‘महाराष्ट्र भूषण’ स्वीकारताना पु. ल. देशपांडेंनी झुंडशाहीवर बोट ठेवलं, तेव्हा ठाकरेंनी त्यांचा जाहीर समाचार घेतलाच. आणि हा फक्त एका पक्षाचा रोग नाही. व्यंगचित्रकार असीम त्रिवेदीवर 2012 मध्ये मुंबईत राजद्रोहाचं कलम लागलं, तेव्हा राज्यात काँग्रेस-राष्ट्रवादीचं सरकार होतं. शरद पवारांवरची एक पोस्ट शेअर केली म्हणून केतकी चितळे 2022 मध्ये महिनाभरापेक्षा जास्त तुरुंगात राहिली, तेव्हा महाविकास आघाडी सत्तेत होती.

मग बदललं काय?

दोन गोष्टी. पहिली, सोंग गेलं. सोंगाड्या बोलायचा ते ‘हवालदार’ म्हणून. नेत्यालाही ‘वगातलं होतं’ म्हणून कानाडोळा करता यायचा. स्टँडअपवाला स्वतःच्या नावाने, ‘मी’ म्हणून बोलतो. दोघांनाही लपायला जागा उरत नाही.

दुसरी, रेकॉर्डिंग. वगातला टोमणा त्या रात्रीचा होता, सकाळी पाल उचलली की संपला. आता 45 मिनिटांच्या शोमधली 40 सेकंदं कापून कार्यकर्त्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जातात. शो न पाहिलेला माणूस जास्त चिडतो, कारण त्याच्यापर्यंत हशा पोचलेलाच नसतो.

पोलिसांची केस नेमकी कशी?

कामरावर भारतीय न्याय संहितेची 353 आणि 356 ही कलमं लागली. 356 म्हणजे बदनामी. हा अदखलपात्र गुन्हा आहे, फक्त त्यावर पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकत नाहीत. 353 मध्ये गटागटांत तेढ वाढवणारी विधानं येतात, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. ते जोडलं की प्रकरण एकदम जड होतं. विडंबनाने दोन समाजांत तेढ कशी होते, हा प्रश्न म्हणूनच कळीचा आहे.

कामरा तमिळनाडूत राहतो, म्हणून तो आधी मद्रास उच्च न्यायालयात गेला. 28 मार्चला त्याला अंतरिम अटकपूर्व जामीन मिळाला. 25 एप्रिलला मुंबई उच्च न्यायालयाने त्याची याचिका प्रलंबित असेपर्यंत अटक करू नये, असं सांगितलं. त्याने माफी मागितली नाही.

खरा फटका कुणाला?

कामराला बघायला लाखो लोक यूट्यूबवर आहेत. पण स्टँडअपचा धंदा ओपन माइकवर चालतो. नवा पोरगा पाच मिनिटं घेऊन येतो, त्यातले दोन जोक चालतात, बाकीचे पडतात. असं वर्षभर केलं की पंधरा मिनिटं तयार होतात. त्यासाठी लहान हॉल लागतो. हॉलच्या मालकाला काच फुटण्याची आणि नोटीस येण्याची भीती बसली की तो आधीच विचारतो, ‘राजकारण नाही ना?’ ही सेन्सॉरशिप कुठल्याच कागदावर येत नाही.

आणि राजकारणच लागतं असंही नाही. 2 फेब्रुवारी 2025 ला सोलापुरात शो संपल्यावर प्रणित मोरेला टोळक्याने मारलं. त्याचा जोक होता वीर पहारियावर, म्हणजे एका नव्या हिरोवर. पहारियाने आपला संबंध नसल्याचं सांगून निषेध केला.

म्हातारपणी कॉमेडियनचं काय होतं?

मराठी स्टँडअप अजून कोवळं आहे. भाडिपा सुरू झालं 2016 मध्ये. कालपर्यंत हॉस्टेल आणि ब्रेकअपवर बोलणारी पहिली पिढी आता गृहकर्ज आणि आईच्या गुडघ्यांवर बोलायला लागली आहे. स्वतःचं आयुष्य हाच माल असला की वयाबरोबर तो बदलावाच लागतो.

राजकीय भाष्याचं उलट आहे. रामदास फुटाणेंनी ऐंशी पार केली, तरी त्यांच्या जुन्या वात्रटिकांना आजही टाळ्या पडतात. पक्ष बदलले तरी टोपी बसणारं डोकं सापडतंच.

आणि तिसरी वाट छत्रपती संभाजीनगरचीच आहे. इथल्या विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणाऱ्या लक्ष्मण देशपांडेंनी 1979 मध्ये ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ सुरू केलं. एक माणूस, 52 पात्रं, मराठवाडी बोली, खांद्यावर एक उपरणं. हजारो प्रयोग, गिनीज बुकात नोंद. छत्तीस वर्षांचा माणूस साठीपार होईपर्यंत तीच पात्रं करत राहिला. त्यातल्या म्हाताऱ्यांचं वय त्याला हळूहळू गाठत गेलं, आणि पोरीसोरी मात्र त्याच्या अंगात तशाच लहान राहिल्या. फेब्रुवारी 2009 मध्ये देशपांडे गेले. ते वऱ्हाड पुढे बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या संदीप पाठकने उचललं.