ओसरीवरील गप्पा

‘रिकाम्या गप्पा’ हा शब्द आमच्या घराण्यांत पिढ्यान् पिढ्या निंदेचा मानला गेला आहे. कामाचा मनुष्य बोलत नाहीं आणि बोलणारा मनुष्य काम करीत नाहीं, असें आम्हीं वडिलांकडून ऐकलें, शाळेंत असतांना मुलांस ऐकविलें, आणि सेवानिवृत्तीनंतर घरांतहि तेंच ऐकवीत होतों. गेल्या वैशाखांत मात्र आमच्याच ओसरीवर असा एक प्रसंग घडला कीं, या मताची फेरतपासणी करणें आम्हांस भाग पडलें. ज्यांचीं मुलें पुण्यास किंवा परदेशीं संगणकाच्या धंद्यांत आहेत, अशीं घरें आतां आपल्या समाजांत थोडीं नाहींत. त्यांस हा प्रसंग कदाचित् उपयोगी पडेल, म्हणून येथें देत आहों.

आमची अहेरी म्हणजे महाराष्ट्राचें पूर्वेकडील टोंक. वर्धा आणि वैनगंगा यांचा संगम होऊन झालेली प्राणहिता येथून जवळच वाहते व पुढें सिरोंच्यापाशीं गोदावरीस मिळते. पलीकडे तेलंगण, अलीकडे आलापल्लीचें सागवानी अरण्य. १९८२ सालीं चंद्रपूर जिल्ह्यांतून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, त्यांतला हा भाग. येथील बाजारांत एका फेरींत मराठी, तेलुगु व गोंडी अशा तीन भाषा कानीं पडतात.

आमचा पुतण्या पुण्यास हिंजवडीच्या एका कंपनींत सॉफ्टवेअर लिहितो. आठ दिवसांसाठीं तो आपल्या दोन सहकाऱ्यांना घेऊन आला. एक नागपूरची मुलगी, लहानपणापासून शास्त्रोक्त गायन शिकलेली. आणि दुसरा आमचाच जुना विद्यार्थी, भामरागड तालुक्यांतील माडिया घरांतला. या धंद्यांत हल्लीं कचेरींत न जातां दुरून काम करण्याची मुभा असते, म्हणून तिघांनीं आपापले लॅपटॉप बरोबर आणले होते. परंतु आमच्याकडे वळवाचा एक तडाखा आला कीं वीज जाते, आणि तिच्या मागोमाग नेटवर्कहि जातें. मग तीं तिघें ओसरीवर चटई टाकून बसत, आमच्या मंडळींनीं केलेलें कैरीचें पन्हें पीत, आणि बोलत.

विषयांस तर कांहीं धरबंधच नसे. पुण्यांतील खोलीचें भाडें, रस्त्यांवरील वाहनांची कोंडी, डब्यांतली पाणचट भाजी. त्यांतूनच पायथॉन नांवाची संगणकाची भाषा निघे; तिचें नांव सर्पावरून नसून विलायतेंतील एका विनोदी नटमंडळीवरून ठेवलें आहे, ही नवी माहिती आम्हांस तेथेंच मिळाली. मग गाडी सवाई गंधर्व महोत्सवांतील गाण्यावर जाई. लगेच कोणी विचारी कीं, आतां यंत्रेंच आज्ञावली लिहूं लागलीं आहेत, तर आपल्या नोकऱ्यांचें काय होणार? आणि या गंभीर प्रश्नाचें उत्तर मिळण्यापूर्वींच आमरसांत साखर घालावी कीं नाहीं, यावर वाद जुंपे.

तिसऱ्या दिवशीं आमचा संयम सुटला. “अरे, दोन तास झाले, तोंडाचा पट्टा चालूच आहे. काम केव्हां करणार?” पुतण्या हंसून म्हणाला, “काका, हेंहि कामच आहे.” आम्हांस तें उत्तर उद्धटपणाचें वाटलें. त्यानें मग एक गोष्ट सांगितली. अँड्र्यू हंट व डेव्हिड थॉमस या दोघांनीं १९९९ सालीं या धंद्यावर एक पुस्तक लिहिलें. त्यांत टेबलावर रबराचें बदक ठेवण्याची युक्ति आहे. आज्ञावलींतली चूक सांपडेनाशी झाली, म्हणजे बदकास एकेक ओळ मोठ्यानें समजावून सांगावयाची. बदकास काय कळणार? परंतु सांगतां सांगतां सांगणाराचीच चूक त्याच्या ध्यानांत येते. “मग बदकापेक्षां माणूस बरा नव्हे काय?” पुतण्या म्हणाला, “तो उलट प्रश्न तरी विचारतो.”

यावर आम्ही निरुत्तर झालों. कारण मुलांस उदाहरण समजावून देतांना फळ्यावरची स्वतःची चूक आम्हांसहि अनेकदां दिसली होती.

त्याच सायंकाळीं आम्हीही गप्पांत उतरलों आणि जरा अभिमानानें म्हणालों कीं, संगणकास सर्वांत योग्य भाषा संस्कृत होय, असें अमेरिकेच्या नासा या संस्थेनेंच सांगितलें आहे. मुलांनीं एकमेकांकडे पाहिलें. मग नागपूरची मुलगी अदबीनें म्हणाली, “काका, तो लेख मीं वाचला आहे.” रिक ब्रिग्ज नामक संशोधकाचा तो लेख १९८५ सालीं एका नियतकालिकांत आला. तो नासाच्या संशोधनकेंद्रांत काम करी, एवढाच नासाचा संबंध. आमच्या वैयाकरणांची वाक्यार्थ फोडून सांगण्याची पद्धति आणि यंत्रास ज्ञान पुरविण्याची त्या काळची एक पद्धति, यांतील साम्य त्यानें दाखविलें. संस्कृतांत आज्ञावली लिहाव्या, असें त्यानें म्हटलेलें नाहीं. जन्मभर संस्कृत वाचूनहि ही ऐकीव गोष्ट आम्ही कित्येक सभांतून सांगत आलों होतों! परंतु चूक कळली ती पन्ह्याच्या पेल्याबरोबर. अपमान कोठेंच वाटला नाहीं.

आतां मुख्य प्रसंग. आमचा विद्यार्थी त्या सर्वांत गप्प गप्प होता. कंपनीचें काम संभाळून तो आपल्या गांवच्या लहान मुलांसाठीं गोंडी शब्दांचा एक छोटा कोश करीत होता. शब्द देवनागरींत लिहिले होते. परंतु कांहीं शब्द पडद्यावर ढळढळीत दिसत असूनहि शोधले असतां सांपडत नसत. दोन दिवस त्यानें डोकें आपटलें होतें, पण कोणाजवळ बोलला नव्हता.

इकडे बोलणें गाण्यावर आलें होतें. यंत्र गाणें रचील काय, हा विचार नवा नाहीं. एडा लव्हलेस या इंग्रज विदुषीनें १८४३ सालींच तो लिहून ठेवला आहे, असें पुतण्या सांगत होता. त्यावर मुलगी म्हणाली, “नुसते स्वर देऊन भागणार नाहीं. भूप आणि देशकार यांचे स्वर तेच पांच. पण भूप गंधारावर विसावतो, देशकार धैवतावर. कागदावर एक, ऐकावयास दोन.” आणि तिनें दोन्ही राग थोडे थोडे गाऊन दाखविले.

विद्यार्थी एकदम उठून बसला. “दिसायला एक, आंत दोन! माझ्या शब्दांचें हेंच झालें असेल.”

झालेंहि तसेंच होतें. संगणकांत प्रत्येक अक्षरास एक क्रमांक असतो. जगांतील लिप्यांचे हे क्रमांक ठरविणारी युनिकोड नामक व्यवस्था १९९१ सालापासून चालू आहे. खालीं टिंब असलेला ‘ड़’ तींत दोन रीतींनीं लिहितां येतो: टिंबासकट एकच क्रमांक देऊन, किंवा ‘ड’चा एक व टिंबाचा एक असे दोन क्रमांक देऊन. डोळ्यांस दोन्ही सारखे. यंत्रास मात्र निरनिराळे. यावर उपायहि तेथेंच सांगितला आहे: तुलना करण्यापूर्वीं सर्व शब्द एका रूपांत आणावे. विद्यार्थ्यानें कांहीं शब्द मोबाइलवर लिहिले होते, कांहीं लॅपटॉपवर. आणि हा नियम लावावयाचा राहून गेला होता. रात्रीं वीज आली आणि पाव तासांत काम झालें.

आम्हीं त्यास विचारलें, “अरे, दोन दिवस अडला होतास, तर आधींच कां बोलला नाहींस?” तो थोडा वेळ थांबला. मग म्हणाला, “गुरुजी, जुनी संवय आहे.”

वाचकहो, त्या दोन शब्दांचा अर्थ आम्हांस तत्काळ कळला. सुमारें वीस वर्षांपूर्वीं तो आमच्या वर्गांत होता. वर्गांत गोंडी बोलावयाची नाहीं, असा आमचा दंडक असे. मुलांचें मराठी सुधारावें हा हेतु. तो वाईट नव्हता. तो मुलगा हळूहळू बोलेनासा झाला. आम्हीं त्याच्या प्रगतिपुस्तकांत ‘स्वभाव शांत व सुशील’ असा शेरा लिहिला आणि समाधान मानलें. त्या रात्रीं तो कसलाहि राग न धरतां म्हणाला, “उत्तरें मला येत होतीं, गुरुजी. पण मीं मराठींत जुळवीपर्यंत तुम्ही पुढच्या मुलाला विचारीत होतां.”

जेथें मोकळेपणीं बोलतां येतें तेथें चूक बाहेर पडते व सुधारते. जेथें बोलावयाची भीति असते तेथें ती आंत राहते, आणि तिच्याबरोबर बरोबर उत्तरहि आंतच राहतें. एवढी गोष्ट शिकण्यास आम्हांस साठी उलटावी लागली.

२०११ च्या जनगणनेंत सुमारें ३० लक्ष लोकांनीं आपली मातृभाषा गोंडी म्हणून सांगितली. बालाघाटकडील मंगलसिंग मसराम यांनीं १९१८ सालीं गोंडीसाठीं रचलेल्या लिपीस २०१७ सालीं युनिकोडांत स्थान मिळालें. आदिलाबाद जिल्ह्यांतील गुंजाला गांवच्या पोथ्यांतल्या लिपीस २०१८ सालीं. आमच्या विद्यार्थ्यास पुढें आपला कोश त्या लिप्यांतहि करावयाचा आहे. या भूमींत इतकीं वर्षें काढून आम्हांस स्वतःस गोंडी शब्द किती येतात, हें मोजून पाहिलें. बाजारापुरते पंधरा भरले.

मुलें परत गेलीं. चारोळी घेऊन येणाऱ्या बाईपाशीं बसून आम्हीं तिच्याकडून बारा शब्द उतरून घेतले आणि विद्यार्थ्यास मोबाइलवर पाठविले. दुसऱ्या दिवशीं त्याचा फोन आला. “गुरुजी, दोन चुकले आहेत,” असें म्हणून तो मनमोकळा हंसला, आणि ते कसे म्हणावयाचे हें त्यानें आमच्याकडून तीन वेळां म्हणवून घेतलें.

आपल्या घरचा मुलगा किंवा मुलगी सुटीस येईल, तेव्हां पगार व जेवण यांची चौकशी झाल्यावर, हल्लीं काय अडलें आहे, असेंहि एकदां विचारून पाहावें. उत्तर सगळें समजेलच असें नाहीं. बदकास तरी कोठें समजतें?