कासवाच्या त्वचेखालची कुपी

काशीस रामनगरच्या किल्ल्यापासून मालवीय पुलापर्यंतचा गंगेचा सुमारे ७ किलोमीटरांचा पट्टा १९८९ साली कासवांचे अभयारण्य म्हणून घोषित झाला. मराठी यात्रेकरूंच्या परिचयाचे भोसले घाट व शिंदे घाट याच पट्ट्यात येतात. नदीतील प्रेतावशेष कासवांनी खाऊन टाकावेत, या हेतूने सारनाथच्या केंद्रात वाढविलेली हजारो पिले येथे सोडण्यात आली. २०२० साली अभयारण्याचा दर्जा काढून घेण्यात आला. सोडलेल्या पिलांपैकी किती जगली, हे सांगावयाचे तर दहा वर्षांनी दिसलेले कासव आपलेच, हे ओळखता आले पाहिजे. आणि एक कासव दुसऱ्यासारखेच दिसते.

अशा ओळखीसाठी जगात अनेक ठिकाणी कासवाच्या त्वचेखाली काचेची एक कुपी बसवितात. ती सुमारे १२ मिलिमीटर लांब व २ मिलिमीटर जाड असते. आत फेराइटच्या कांडीवर गुंडाळलेली तांब्याची तार आणि एक क्रमांक जपणारी चिप. विद्युतघट मुळीच नाही. वाचकयंत्राच्या वेटोळ्यातून १३४.२ किलोहर्ट्झ कंप्रतेचा प्रवाह वाहू लागला, की त्याच्या चुंबकीय क्षेत्रातूनच कुपीला ऊर्जा मिळते. त्या क्षेत्रात अतिसूक्ष्म चढउतार घडवून ती आपला क्रमांक कळविते. इतक्या नीच कंप्रतेला गोडे पाणी किंवा मांस अडवीत नाही. अडचण अंतराची आहे. साध्या हातयंत्राने वीतभर अंतरावरूनच वाचन होते. म्हणजे कासव आधी पकडावे लागते! तेच अंतर हातभर झाले, तर उथळ पाण्यातील वाटेवर वेटोळे ठेवून जाणाऱ्या कासवाची नोंद आपोआप घेता येईल.

मग यंत्राची शक्ती वाढवावी, असे कोणासही वाटेल. परंतु वेटोळ्यापासून दूर गेल्यावर हे क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात क्षीण होते. अंतर दुप्पट करावयाचे तर प्रवाह आठपट हवा, आणि त्यासाठी शक्ती चौसष्टपट! हा मार्ग सोडलेला बरा.

खरा लाभ जुळणीत आहे. वेटोळे व धारित्र यांची एक स्वाभाविक कंप्रता असते, ती १३४.२ किलोहर्ट्झशी जुळली, तरच अनुस्पंदनाने प्रवाह वाढतो. वेटोळ्याचे प्रवर्तकत्व १ मिलिहेन्री असल्यास धारित्र सुमारे १.४१ नॅनोफॅरड लागते. बाजारातील धारित्रात १० टक्के चूक सहज असते. तेवढ्याने कंप्रता ५ टक्के ढळते आणि ज्या वेटोळ्याचा गुणांक ४० आहे, त्यातील प्रवाह सुमारे एकचतुर्थांशावर येतो. काशीच्या गवयाला हे सांगावयास नको. तंबोऱ्याची खुंटी पिळल्यावरही तो मणी सरकवून स्वर लावतो; येथे लहानसे बदलते धारित्र तेच काम करते.

मात्र गुणांक हवा तितका वाढविणेही घातक आहे. तो १०० झाला, तर वेटोळे जेमतेम १.३ किलोहर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यालाच प्रतिसाद देते. कुपी सेकंदाला सुमारे ४,२०० संकेत पाठविते. ते त्या अरुंद दारात अडकतात. यंत्र मोठ्याने बोलते, पण त्याला ऐकू येईनासे होते.

वेटोळ्याचा आकारही अंतराला साजेसा हवा. वेढे व प्रवाह तेच ठेवल्यास, अक्षावर २० सेंटीमीटर दूर सर्वाधिक क्षेत्र देणाऱ्या वेटोळ्याची त्रिज्या सुमारे २८ सेंटीमीटर येते. त्याहून मोठे वेटोळे आसपासचा विद्युतगोंगाट मात्र जास्त गोळा करते. म्हणून गोंगाट करणाऱ्या वीजपुरवठ्याऐवजी विद्युतघट वापरणे श्रेयस्कर. जवळ लोखंडी साखळी वा नावेचा पत्रा असला, तर त्यात भोवरी प्रवाह निर्माण होऊन सारी जुळणी बिघडते. पाण्याच्या सान्निध्यानेही ती किंचित सरकते. तेव्हा प्रयोगशाळेच्या मेजावर लावलेले वेटोळे नदीत उतरविल्यावर त्याच जागी पुन्हा लावून घ्यावे लागते.