सौरपंपाच्या कंट्रोलरची पूर्वपरीक्षा

पूर्णेच्या खोऱ्यातील दर्यापूर तालुका खारपाण पट्ट्यात मोडतो. येथील भूगर्भातील पाणी बहुतेक ठिकाणी खारे असल्याने त्याच्या ओलिताने काळी जमीन बिघडते. म्हणून शेततळ्यात साठविलेले पावसाचे गोडे पाणी हाच मोठा आधार होय. हरभऱ्याचे घाटे भरत असता एक ओलित चुकले तर उतारा घटतो. ऐन त्या वेळी पंप बंद पडल्यास तळ्यात पाणी असूनही पीक तहानलेले राहते.

२०१९ साली 'पीएम-कुसुम' व २०२४ साली 'मागेल त्याला सौर कृषिपंप' ह्या योजना आल्या आणि सौरपंपांचा प्रसार वाढला. पॅनेल व मोटार सर्वांना दिसतात. परंतु पंपाचा खरा कारभारी पेटीतील कंट्रोलर होय. ऊन बदलेल तशी पॅनेलची शक्ती बदलते. अधिकात अधिक शक्ती कोणत्या विद्युतदाबावर मिळते हे शोधणे, त्यानुसार मोटारीचा वेग राखणे व पाणी संपताच ती थांबविणे, ही त्याची कामे.

पेरणीपूर्वी शेतकरी शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण पाहतो. कंट्रोलरचीही अशीच परीक्षा प्रयोगशाळेत घेता येते. तीस 'हार्डवेअर-इन-द-लूप' चाचणी म्हणतात. तीत कंट्रोलर खरा असतो. पॅनेल, मोटार व पंप मात्र वेगवान संगणकातील गणिताच्या रूपाने असतात. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाएवढ्या अल्प काळाच्या हिशेबाने संगणक त्यांची स्थिती काढून कंट्रोलरला कळवितो व त्याच्या आज्ञा घेतो. आपण शेतावरच आहोत, अशा रीतीने कंट्रोलर वागतो.

भाद्रपदातील धावता ढग शंभर वेळा आणता येतो. तळे कोरडे पाडता येते, तारांची जोड बिघडविता येते. आणि एकही मोटार जळत नाही. दोष दिसल्यास आज्ञावली सुधारून तीच परीक्षा पुन्हा घेता येते. मात्र वऱ्हाडचा उन्हाळा, धूळ व ओल ह्यांची कसोटी ह्या गणिताने होत नाही. त्यासाठी उष्णता व आर्द्रतेच्या आणि प्रत्यक्ष पंपावरील चाचण्या वेगळ्या कराव्या लागतात.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे :

१. चाचणी-प्रमाणपत्रावरील कंट्रोलरचा नमुना व अश्वशक्ती पेटीवरील पाटीशी ताडून पाहावी.

२. पंप बसविताना पाण्याअभावी मोटार आपोआप थांबते, हे तंत्रज्ञाकडून करवून पाहावे.

३. पेटी सावलीत व हवेशीर जागी असावी. अर्थिंग पक्के असावे. पेटी शेतकऱ्याने उघडू नये. पॅनेलकडून येणारा वीजप्रवाह प्राणघातक ठरू शकतो.

४. पंप थांबल्यास तारीख, वेळ, ऊन की ढग, तळ्यातील पाणी व पडद्यावरील संकेतांक लिहून ठेवावा आणि तक्रारीसोबत द्यावा.

ही नोंद क्षुल्लक नव्हे. 'पंप चालत नाही' एवढ्याने दोष सापडत नाही. पूर्ण नोंद मिळाल्यास तीच परिस्थिती प्रयोगशाळेत पुन्हा उभी करून दोष शोधता येतो. एका शेतावरील नोंद अशा रीतीने पुढील अनेकांचे ओलित वाचवू शकते.