टोरांटोच्या खिडकीत मिरचीची रोपं

आपल्याकडे पेरणी म्हटली की डोळे पावसाकडे लागतात. पाऊस सरला, भात कापून झालं, की त्याच ओलीवर वाल टाकायचे आणि थंडी पडली की शेंगा खुडायच्या, हे आमच्या विचुंब्यात कुणाला शिकवावं लागत नाही. टोरांटोला संसार थाटलेल्या माझ्या थोरल्या बहिणीला मात्र हे गणित उलटं मांडावं लागतं. तिथे वाट बघायची ती दव गोठायचं थांबण्याची. मे महिना अर्धा सरेपर्यंत भरवसा नाही आणि ऑक्टोबरात पुन्हा तीच थंडी. हातात येतात जेमतेम पाच महिने. निवड चुकली, तर वर्ष गेलंच म्हणायचं!

हल्ली आपल्यापैकी कितीजणींच्या लेकी-बहिणी तिकडे आहेत. बाळंतपणाला निघालेल्या आया पदरात बियांची पुरचुंडी बांधतात. ती बांधू नका, बरं का. पेरायच्या बियाण्याला कॅनडात रोगमुक्त असल्याचा सरकारी दाखला लागतो. तिथल्या दुकानांत मिरची, भेंडी, दुधी सगळ्याचं बी मिळतं. वाण्याकडचे धणे हलकेच भरडून आणि मेथीदाणे तसेच पेरले तरी उगवतात.

त्यातही निवड हवी. मेथी, कोथिंबीर, पालक, मुळा यांना गारवाच मानवतो. एप्रिलच्या शेवटी थेट मातीत टाकावं. उन्हाळा तापला की कोथिंबीर फुलावर येते, म्हणून ती लवकर आणि थोडी थोडी पेरावी. भेंडी, गवार यांना माती चांगली ऊबदार लागते. जूनआधी घाई करण्यात अर्थ नाही.

मिरची, वांगी, टोमॅटो यांची रोपं मात्र घरातच करावी लागतात. मेच्या अखेरीस व्हिक्टोरिया दिनाची सुट्टी येते, तेव्हा रोपं बाहेर लावायची तिकडची रीत. तिथून मागे मोजायचं. मिरची आणि वांगं आठ ते दहा आठवडे आधी, टोमॅटो सहा ते आठ. दह्याच्या रिकाम्या डब्यांना बुडाशी भोकं पाडली की झालं काम. मिरचीच्या बीला ऊब लागते, उजेड नव्हे, म्हणून उगवेपर्यंत डबे फ्रिजच्या माथ्यावर ठेवले तरी चालतात. दोन-तीन आठवडे काही दिसलं नाही तरी माती उकरून बघू नये. (हे सांगूनही उकरणाऱ्या असतातच!)

कोंब दिसताच मात्र भरपूर उजेड हवा. मार्चमधलं खिडकीतलं ऊन अपुरं पडतं आणि रोपं लांबोडकी, फिकट होतात. ट्यूबलाईट वीतभर उंचीवर टांगून चौदा तास लावावी. पाणी बेताचंच. ओल सतत राहिली तर रोपं बुडाशी कुजून आडवी होतात आणि मग त्यांना वाचवता येत नाही. लावणीआधी आठवडा-दहा दिवस रोज थोडा वेळ सावलीत, मग उन्हात बाहेर ठेवून त्यांना सवय लावावी. घरातलं रोप एकदम वाऱ्यात नेलं तर पानं करपतात.

ताईला हवा असतो तो माहेरचा वाल, आणि नेमका तोच तिथे धरत नाही. वेल मांडवभर होतो, पण फूल नाही. कारण आपला गावठी वाल दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाही. पनवेलला थंडीत दिवस अकरा तासांचा असतो. टोरांटोला जूनमध्ये साडेपंधरा तासांचा. दिवस आखडेपर्यंत सप्टेंबर संपतो, कळ्या येतात न येतात तोच थंडी वेल मारते. बंगळूरच्या फलोत्पादन संशोधन संस्थेने काढलेली ‘अर्का जय’ ही झुडूपवजा जात दिवसाच्या लांबीवर अडून बसत नाही. अशा जातीचं बी तिकडे रीतसर मिळालं तर जूनमध्ये पेरून बघावं. चव आपल्या वालाची येईल असं मी म्हणणार नाही.

आमच्या खाचरावर आता इमारत उभी आहे. आईने राखेत घोळून ठेवलेलं बी मी बरणीत जपलंय. दिवाळी झाली की ते गच्चीवरच्या ड्रममध्ये पेरायचं ठरलंय. ताई यंदा जानेवारीत येतेय, तोवर शेंगा भरलेल्या असतील.