खेळाचा शेवट कोणाच्या हातीं?

कादंबरीचा वाचक कथानायकासाठीं कितीही हळहळला, तरी त्याचें मरण टाळणें वाचकाच्या हातीं नसतें. व्हिडिओ-खेळाची गोष्ट निराळी आहे. त्यांतील नायकानें कोठें जावें, कोणास मदत करावी व कोणास सोडून द्यावें, हें खेळणारा स्वतः ठरवितो. मग खेळाच्या अंतिम मोहिमेंत ह्या निर्णयांचें फळ त्यास कसें मिळावें, असा प्रश्न सहजच उद्भवतो. त्याचा विचार आम्ही येथें एका प्रसिद्ध खेळाच्या आधारें करणार आहों.

कॅनडांतील बायोवेअर कंपनीनें २०१० सालीं 'मास इफेक्ट' ह्या अवकाशकथेचा दुसरा भाग प्रसिद्ध केला. हा खेळ मोठ्यांसाठीं आहे, हें पालकांनीं ध्यानांत ठेवावें. आम्ही तो केवळ रचनेचें उदाहरण म्हणून घेतों. त्यांत शेपर्ड नांवाचा सेनानी सोबती जमवून शत्रूच्या तळावर चाल करून जातो. तेथून परत येण्याची आशा थोडीच असते. वाटेंत बहुतेक सोबती आपापली एक खासगी विवंचना सांगतात. ती दूर करण्याची सक्ती नसते; यानाचें कवच व तोफा सुधारण्याचीही नसते. हिशेब होतो तो शेवटीं. कवच जुनेंच राहिलें असल्यास शत्रूच्या माऱ्यांत एक सोबती प्राणास मुकतो. तळांत शिरल्यावर एकास अरुंद नळींतून पुढें पाठवावें लागतें. त्या कामाचा जाणकार न निवडल्यास, किंवा त्याची विवंचना तशीच राहिली असल्यास, तोही जातो. शत्रूनें यानावरील माणसें पळवून नेल्यावर खेळणारा तत्काळ निघाला, तर तीं सर्व जिवंत सांपडतात. इतर कामांत रेंगाळला, तर बहुतेक दगावतात. निदान दोन सोबती उरले नाहींत, तर शेपर्डही वाचत नाहीं. उलट, सर्व गोष्टींची काळजी घेणारास एकही सोबती न गमावतां परत येतां येतें.

येथें चांगुलपणाचे गुण मोजून बक्षीस दिलेलें नाहीं. कोणाच्या अंगीं कोणतें कौशल्य आहे, हें ओळखण्याचीच ही परीक्षा आहे. म्हणून सोबती गेला, तर तो कां गेला हें खेळणारास मागें वळून पाहतां उमगतें.

यावर कोणी म्हणेल, प्रत्येक निर्णयास निराळा शेवट कां देऊं नये? गणित करून पाहावें. दोन वाटांचे १० निर्णय असले, तर १,०२४ निरनिराळे शेवट रचावे लागतील! कर्त्यांनीं यांतून युक्तीनें मार्ग काढला: मोहिमेचा रस्ता बहुतांशी एकच ठेविला, मात्र त्या रस्त्यानें कोण परत येतो, हें बदलूं दिलें.

तिसरा भाग २०१२ च्या मार्चमध्यें निघाला. त्यांत मागील साऱ्या मदतीची बेरीज एका आंकड्यांत झाली आणि अखेरीस खेळणाऱ्यापुढें तीनपर्यंत वाटा ठेवण्यांत आल्या. त्यांचीं अंतिम दृश्यें बरींचशीं सारखीं होतीं. मुख्य भेद रंगाचा! तीन भागांतून ज्यांची सोबत केली, त्यांचें काय झालें हें नीट न कळल्यानें असंख्य खेळाडू नाराज झाले. त्याच वर्षींच्या जूनमध्यें कंपनीनें विस्तारलेला शेवट विनामूल्य दिला. ती नाराजी शेवट दुःखद होता एवढ्यासाठींच नव्हती. आपण केलेलें सारें एका आंकड्यांत विरून गेलें, ही त्यामागील मोठी खंत होती.

यावरून आम्हांस वाटतें तें असें. अंतिम मोहीम ही नव्या निवडीची जागा नसून जुन्या निवडींच्या कापणीची जागा असावी. परिणाम आंकड्यांतून न दिसतां माणसांतून दिसावा, आणि त्याचें कारण खेळणारास उमगावें. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी पुढें असा खेळ रचील, तर त्यानें शेवटाचा आराखडा आधीं करावा व मगच पहिला प्रसंग लिहावा. जसें पेरावें तसें उगवतें, हें खेळणारास सांगण्याची मग गरज उरणार नाहीं. आपल्या बाजूला कोण उभा आहे व कोणाची जागा रिकामी आहे, हें पाहूनच तो तें जाणेल.