वृद्धसेवेचे खेळते भांडवल

धर्मादायाचे खाते आपल्या वहीस नवे नाही. गिऱ्हाइकाच्या हिशेबात धर्मादायाचे चार पैसे वेगळे धरावयाचे आणि ते सत्कार्यास लावावयाचे, ही चाल बाजारपेठांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. ते कोणत्या रूपाने लावावयाचे, हा मात्र विचार करण्याजोगा प्रश्न आहे. वृद्धांची आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांची काळजी वाहणाऱ्या संस्थांपुरता तो विचार येथे मांडण्याचे आम्ही योजिले आहे. आमच्या पाहण्यात या कार्याकडे येणारा पैसा मुळात थोडा. आणि येतो तोही बहुधा विटांत, फरशीत व कोनशिलेत जातो.

प्रथम एका परदेशी वाणसामानाच्या पेढीची हकिकत सांगणे उपयुक्त होईल. अमेरिकेत १८५९ साली चहाच्या व्यापारातून उभी राहिलेली ‘ग्रेट अटलांटिक अँड पॅसिफिक टी कंपनी’ १९३० च्या सुमारास पंधरा हजारांहून अधिक दुकाने चालवीत होती. तिचे चालक जॉन व जॉर्ज हार्टफोर्ड हे बंधू. जॉन यांनी १९२९ साली एक न्यास स्थापिला आणि पुढे उभयतांची मोठी संपत्ती त्यास मिळाली. आरंभी हा न्यास वैद्यकीय संशोधनास साहाय्य करी. १९८० नंतरच्या दशकात त्याने वृद्धांचे आरोग्य हेच आपले क्षेत्र ठरविले. डॉक्टर, परिचारिका व समाजसेवक यांना वृद्धसेवेचे शिक्षण मिळावे म्हणून त्याने अनुदाने दिली आणि घरी शुश्रूषा करणाऱ्या कुटुंबीयांचा प्रश्नही हाती घेतला. दुकानांची ती अवाढव्य साखळी २०१५ साली दिवाळ्यात निघून बंद पडली. न्यास मात्र चालू आहे. त्याचा पैसा माणसे तयार करण्यात गुंतला, हे आपण व्यापाऱ्यांनी नीट ध्यानी घ्यावे.

आपल्या देशात २०११ च्या जनगणनेनुसार साठी ओलांडलेले लोक १० कोटींहून अधिक होते. २००७ च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे वृद्धांची सोय होईल असा आश्रम उभारण्याची तरतूद केली. स्वयंसेवी संस्थांनी वृद्धाश्रम चालवावेत म्हणून केंद्र सरकारची अनुदान योजना १९९२ पासून आहे. अलीकडे ती अटल वयो अभ्युदय योजनेत समाविष्ट झाली. शिवाय २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यास लावणे बंधनकारक केले आणि त्या कार्यांच्या यादीत वृद्धाश्रम व दिवसा सांभाळ करणारी केंद्रे यांचा स्पष्ट उल्लेख केला. मार्ग आहेत, परंतु प्रत्येकास आपापली मर्यादा आहे. सरकारी पैसा हप्त्याने येतो व मागील रकमेच्या विनियोगाचा दाखला मागतो. कंपनीचा चालू प्रकल्प आरंभीचे वर्ष वगळून तीन वर्षांत आटोपावा लागतो. म्हातारपण काही तीन वर्षांत आटोपत नाही!

आता थोडा हिशेब करू. अंथरुणास खिळलेल्यांजवळ रात्रंदिवस एक माणूस हवे, तर आठ-आठ तासांच्या आठवड्यात एकवीस पाळ्या होतात. एक सेवक आठवड्यास सहा पाळ्या करील. म्हणजे एका जागेस साडेतीन माणसे लागली. आजारपण व रजा धरल्या तर चार. या चौघांचे वेतन महिन्याच्या महिन्यास द्यावे लागते. हप्त्यास उशीर झाला म्हणून स्वयंपाकिणीची चूल थांबत नाही, आणि वेतन थकले की शिकून तयार झालेली सेविका प्रथम निघून जाते. इमारत तशीच उभी राहते, नावाच्या पाटीसह. दुकान बांधले, माल भरला आणि खेळते भांडवल ठेवले नाही, तर त्या दुकानाचे काय होते हे आम्ही आपणांस सांगावयास नको.

घरी सेवा करणाऱ्यांचा विचार तर याहून कमी होतो. बहुधा ती सून, पत्नी किंवा मुलगी असते आणि तिच्या श्रमाची नोंद कोणत्याही खात्यात होत नाही. अमेरिकेने १९६५ च्या आपल्या वृद्धविषयक कायद्यात २००० साली दुरुस्ती करून अशा कुटुंबीयांसाठी निराळा कार्यक्रम ठेवला. सेवा करणाऱ्यास काही काळ विसावा मिळावा, ही त्यातील एक तरतूद होय. आपल्याकडे वृद्धास सकाळी आणून संध्याकाळी घरी पोहोचविणारे केंद्र हेच काम करू शकेल. त्याला भव्य वास्तू लागत नाही. भाड्याच्या चार खोल्या, एक वाहन आणि दोन शिकलेल्या सेविका एवढ्यावर आरंभ करता येतो. कोनशिलेस जागा नाही, म्हणून कदाचित दातेही नाहीत.

वास्तविक हे तत्त्व आपल्या परंपरेस ठाऊक आहे. मुंबईचा पांजरापोळ १८३४ साली स्थापन झाला. मुक्या, थकलेल्या जनावरास चारा रोज लागतो, हे व्यापाऱ्यांना कोणी समजावून द्यावे लागले नाही. केवळ गोठा बांधून देण्यास पांजरापोळ चालविणे म्हणत नाहीत.

म्हणून आमची सूचना अशी की, गावातील एखाद्या चालत्या संस्थेच्या सहा महिन्यांच्या वेतनाइतका फिरता निधी व्यापारी मंडळाने वेगळा काढावा. देण्यापूर्वी तिची नोंदणी, तपासलेले हिशेब आणि सेवकांचा वेतनपट या तीन गोष्टी पाहाव्यात. वेतनपट सर्वांत आधी. सरकारी किंवा कंपनीचा हप्ता लांबल्यास संस्थेने या निधीतून बिनव्याजी उचल घ्यावी, हप्ता येताच परत भरावी आणि त्याचा जमाखर्च दर पाडव्यास नव्या वहीबरोबर सभेपुढे ठेवावा.